दाढेचं इम्प्लांट: दुखणं थांबल्यानंतरचे महिने

अण्णांच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून सहा आठवडे झाले होते. टाके केव्हाच निघाले होते, सूज नव्हती, दुखण्याची शेवटची गोळी कधी घेतली तेही त्यांना आठवत नव्हतं. त्या रविवारी दुपारी त्यांनी कडक भाकरी मोडली, शेंगाची चटणी आणि दही घेतलं, आणि त्याच बाजूने चावून जेवले. काहीच दुखलं नाही, म्हणून पुढचे आठ-दहा दिवस तसेच जेवत राहिले. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी इम्प्लांटवरच्या कॅपला, म्हणजे दाढ बसेपर्यंतच्या लहान झाकणाला, हात लावला, तर हाडातला स्क्रूच हलत होता. तो काढावा लागला, आणि हाड भरून यायला चार महिने थांबून सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

अण्णांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. डॉक्टर कारण समजावून सांगत होते, तेव्हा तेच म्हणाले, "म्हणजे स्लॅब ओला असतानाच मी सेंट्रिंग काढलं." मला फार लागलं ते, कारण सूचनांचा कागद माझ्याकडे होता. त्यावर पहिल्या आठवड्याचं सगळं होतं, पुढच्या महिन्यांचं जवळपास काहीच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पुढे माझी स्वतःची दाढ गेली आणि इम्प्लांट करायची वेळ आली, तेव्हा प्रत्येक भेटीला वही घेऊन गेले. त्या वहीतलं, अण्णांच्या दोन खेपांतलं आणि माझ्या अनुभवातलं इथे क्रमाने मांडते आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांनी तुमचं तोंड पाहिलेलं असतं.

आत काय चाललेलं असतं

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर मधला जोड येतो आणि जोडावर क्राउन, म्हणजे दिसणारी दाढ. स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५२ साली सशाच्या हाडात टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना, हाड त्याला धरून वाढलेलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे इम्प्लांट बसवले आणि ते त्याने मरेपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरले. हाडाची ही पकड जमायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, तिथे चार ते सहा महिने. हाड कमी म्हणून हाडाची पूड भरली असेल तर आणखी वेळ.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. बसवल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो आट्यांच्या जोरावर, लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखा. पुढच्या काही आठवड्यांत शरीर आट्यांभोवतीचं दबलेलं जुनं हाड विरघळवतं आणि त्या जागी नवं भरतं. जुनी पकड सुटत असते आणि नवी अजून आलेली नसते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पुढे काही दिवस इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षाही कच्चं असतं. आणि नेमकं याच सुमाराला दुखणं पूर्ण थांबलेलं असतं, कारण हिरडी दोन आठवड्यांत मिटते. हिरडीला नसा आहेत, ती दुखते. स्क्रू आणि हाड यांच्यामधल्या जागेत दुखण्यासारखं काही नाही. या दिवसांत स्क्रू केसाच्या एक-दोन जाडीपेक्षा जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ ऊती तयार होते, आणि मग तो पक्का होत नाही.

आधीची तयारी

सोलापुरात हा विषय तंबाखूपासूनच सुरू करावा लागतो. मावा, गुटखा, चुना लावलेली तंबाखू, बायकांमध्ये मशेरी, आणि विडी. यातलं काहीही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. निकोटिनमुळे हिरडीचा आणि हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, चुन्याने ओली जखम भाजते, आणि सुपारीचा दाब थेट कच्च्या जागेवर येतो. निदान एक-दोन आठवडे आधी आणि दोन महिने नंतर पूर्ण बंद हवं, आणि एवढं जमलं तर पुढे सुरूच करू नये. वर्षानुवर्षं मावा खाऊन ज्यांचं तोंड नीट उघडत नाही, त्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगावं. तोंड पुरेसं उघडलं नाही तर मागच्या दाढांपर्यंत हत्यार पोचत नाही, आणि त्या आखडण्याची वेगळी तपासणीही व्हायला हवी.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, एचबीए१सी तपासणी आधी करून घ्या. आकडा सातच्या आसपास असला तर बरं. फार वर असेल तर घाई न करता आधी साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांचं आणि दाताच्या डॉक्टरांचं बोलणं करून द्या. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर तेही सांगा. आपण ते "कॅल्शियमचं औषध" म्हणून सोडून देतो, पण त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याचं हाड भरायला अडचण येते.

पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन करावं का, असं मला बरेच जण विचारतात. माझं मत असं की, स्क्रू बसवायचा एक दिवस असतो आणि नंतरच्या भेटी सहा-आठ असतात. कॅप सैल झाली, टाका टोचला, तर त्याच दिवशी ज्यांच्या दारात जाता येईल अशा डॉक्टरांकडे करावं. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी पहिली रात्र सोलापुरात पाहुण्यांकडे काढता आली तर काढावी. ते जमत नसेल तर सोबत कुणीतरी असू द्या. त्याच संध्याकाळी एकट्याने मोटारसायकल हाकत परत जाऊ नये.

पहिला दिवस

तोंडात दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा, सारखा काढून बघू नका. भूल उतरायला तीन-चार तास लागतात. तोवर गरम चहा नको आणि चावणं नको, ओठ चावला गेला तरी कळत नाही. पहिली गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी घ्यावी, ठणका सुरू झाल्यावर नव्हे.

चोवीस तास खळखळून गुळण्या नाहीत, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. जखमेवर धरलेली रक्ताची गाठ हीच पुढच्या हाडाची पहिली पायरी असते, आणि ओढीने ती सुटते. लाळ गुलाबी दिसेल, ती गिळून टाका. रक्त ठिबकतच राहिलं तर स्वच्छ बोळा ठेवून अर्धा तास दाबा, तरी थांबलं नाही तर फोन करा.

बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून वीस मिनिटं ठेवा, वीस मिनिटं थांबा. जागे असेपर्यंत असं चालू द्या, दुसऱ्या दिवशीही. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. वरच्या मागच्या दाढेचं काम असेल तर नाक शिंकरू नका, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. तिथे वर लगेच सायनसची पोकळी असते.

घरात कुणीतरी लवंग तेल किंवा हळद भरायला सांगेल, आमच्याकडे आत्याने सांगितलंच. प्रेमाने सांगतात, पण उघड्या जखमेत काहीही भरायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून टाके निघेपर्यंत

सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. दुसऱ्या दिवशी बरं होतं आणि तिसऱ्या दिवशी गाल फुगला म्हणून घाबरू नका. चौथ्या दिवसापासून ती उतरायला हवी. वयस्कर माणसांच्या गालावर, कधी गळ्यापर्यंत, निळा-पिवळा डाग उतरतो. अण्णांना तो दहा दिवस होता आणि भेटायला येणारे सगळे हळहळत होते. तो आपोआप जातो.

चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या, जेवणानंतर आणि झोपताना. पाणी तोंडात नुसतं फिरवायचं आणि वाकून पडू द्यायचं. औषधी माउथवॉश दिला असेल तर सांगितलेले दिवसच वापरा. क्लोरहेक्सिडीन जास्त दिवस चाललं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. बाकीचे दात पहिल्या दिवसापासून घासा, फक्त जखमेची जागा सोडून. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा.

जेवणाचं आमच्याकडे असं होतं: पहिले दोन दिवस गार ताक, कोमट पातळ वरण, ज्वारीच्या पिठाची आंबील, केळं कुस्करून. तिसऱ्या दिवसापासून मुगाची खिचडी, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, मऊ इडली, उपीट, शिरा. आठवड्यानंतर आमटीत भिजवून मऊ झालेली भाकरी, दुसऱ्या बाजूने. शेंगदाण्याचा कूट, तीळ, खसखस आणि डाळिंबाचे दाणे टाके निघेपर्यंत वर्ज्य, बारीक कण जखमेत जाऊन बसतो. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काम केलं असेल तर तिळगूळ पुढच्या वर्षी खा. उपवास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिऱ्याची लापशी किंवा दही-केळं.

मधुमेही माणसाचं एक वेगळं लक्षात ठेवा. जेवण पातळ आणि कमी होतं, पण साखरेची गोळी किंवा इन्सुलिन तेवढंच राहतं, आणि साखर एकदम उतरते. अण्णांना दुसऱ्या दिवशी दुपारी दरदरून घाम फुटला होता. या आठवड्यातला डोस किती घ्यायचा, हे आपल्या फिजिशियनला आधीच विचारून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये काम केलं असेल तर तीन-चार दिवस दुपारी घराबाहेर पडू नका. आपल्याकडचं ऊन आणि तोंडाने नीट पाणी न पिणं, दोन्ही मिळून माणूस गळून जातो. वजन उचलणं, व्यायाम, यंत्रमागावर उभं राहण्याची पाळी, हे निदान तीन दिवस टाळा.

टाके सात ते दहा दिवसांनी काढतात.

यापैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका:

- चौथ्या दिवसानंतर सूज किंवा ठणका वाढत जाणं
- पू, घाण वास, थंडी वाजून ताप
- दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असणं
- गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं. यात सरळ हॉस्पिटल गाठा

बधिरपणाबद्दल विशेष सांगते. खालच्या जबड्यातून एक मोठी नस जाते. तिच्यावर दाब आला असेल तर पहिल्या दिवस-दीड दिवसात लक्षात आल्यास उपाय करता येतो. "भूल अजून उतरली नसेल" म्हणून दोन-तीन दिवस काढू नका.

शांत महिने

आता येतात ते महिने, ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. टाके निघाले, माणूस कामावर गेला, डॉक्टरांची पुढची तारीख सहा-आठ आठवड्यांनंतरची. या काळात कुणी काही विचारत नाही आणि काही दुखतही नाही.

काही जणांचं इम्प्लांट हिरडीखाली पूर्ण झाकलेलं असतं, काहींना हिरडीच्या वर लहान चकचकीत कॅप दिसते. कॅप दिसणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण घास थेट तिच्यावर येतो. जिभेने तिला चाचपत बसू नका, फिरून सैल होते. ती निघून हातात आली तर घाबरू नका, गिळू नका, धुऊन डबीत ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. उशीर केला तर स्क्रूच्या उघड्या तोंडावर हिरडी भरून येते. कॅप मऊ ब्रशने हळूच घासायची असते. कॅपला हात लावायला भीती वाटते म्हणून अनेक जण तिथे ब्रश नेतच नाहीत, आणि मग हिरडी सुजते.

"त्याच दिवशी दात" अशा जाहिराती हल्ली दिसतात. काही रुग्णांमध्ये तसा तात्पुरता दात खरोखर लावता येतो. पण तो हसताना दिसण्यासाठी असतो, चावताना समोरच्या दाताला लागू नये असा मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. त्याच्याखालच्या हाडाला लागायचे ते महिने लागतातच.

म्हणून खाण्याचा नियम साधा ठेवा. डॉक्टर तपासून "आता चावा" म्हणेपर्यंत त्या बाजूने कडक भाकरी, चिक्की, फुटाणे, ऊस, मटणाचं हाड, हुरड्यासोबतचे भाजके शेंगदाणे, काही नाही. दुसऱ्या खेपेला आईने अण्णांच्या ताटाच्या जागेसमोर भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि ठरलेल्या तारखेभोवती लाल गोल काढला. त्या तारखेपर्यंत भाकरी आमटीतच भिजली.

अण्णांचं पहिलं इम्प्लांट फक्त भाकरीमुळेच गेलं असं डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत. अण्णांनी तंबाखू सोडून तेव्हा जेमतेम महिना झाला होता, तेही असेल. वेळेआधी गेलेलं इम्प्लांट काढणं फारसं त्रासाचं नसतं, आणि बहुतेकांना हाड भरल्यावर पुन्हा बसवता येतं. तेव्हा असं झालं तर माणसाला बोल लावू नका. तो आधीच खचलेला असतो.

क्राउन बसताना

तीन ते सहा महिन्यांनी एक्स-रे काढतात, स्क्रू हलवून, ठोकून बघतात. झाकलेलं असेल तर हिरडीला छोटा छेद देऊन कॅप बसवतात, आणि हिरडी तिच्याभोवती आकार घेईपर्यंत दोनेक आठवडे थांबतात. मग माप, आणि पुढे आठ-पंधरा दिवसांत क्राउन.

बसवताना शेजारच्या दातांवर दाब आल्यासारखं वाटतं, तो थोड्या वेळात ओसरतो. जीभ आठवडाभर नव्या दाढेला शोधत राहते. चावताना ती दाढ इतरांच्या आधी टेकते आहे असं जरासुद्धा वाटलं तर खुर्चीतून उठण्याआधी सांगा. संकोच करू नका. आपल्या खऱ्या दाताभोवती पातळ गादीसारखा पडदा असतो, तो दाब सोसतो आणि "खडा आला" हे लगेच कळवतो. इम्प्लांटला तो पडदा नाही. म्हणून त्यावर चावण्याचा भार डॉक्टर जाणूनबुजून थोडा हलका ठेवतात.

क्राउन स्क्रूने बसवला आहे की सिमेंटने, हे विचारून लिहून ठेवा. स्क्रूचा असेल तर पुढे काढून दुरुस्त करणं सोपं जातं. सिमेंटचा असेल तर हिरडीखाली सिमेंटचा कण राहिलेला नाही ना, हे तपासून घ्यायला सांगा. तो कण महिनोन्महिने हिरडी सुजवत राहतो.

इम्प्लांटचं कार्डही तेव्हाच मागून घ्या. कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर त्यावर असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना नेमकी कुठली चावी लागेल हे त्यावरूनच कळतं.

पुढची वर्षं

नव्या दाढेने पहिले दोन-तीन आठवडे मऊ, मग नेहमीचं. माझ्या दाढेने आता मी भाकरी खाते, शेंगाची चटणीही खाते. सुपारी फोडत नाही आणि बाटलीचं झाकण उघडत नाही, जे खऱ्या दातानेही करू नये.

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड आजारी पडतं. खऱ्या दाताची कीड ठणकून सांगते. इथे हाड झिजत गेलं तरी बराच काळ काही दुखत नाही. ओळखायच्या खुणा दुसऱ्या आहेत: ब्रश करताना रक्त, हिरडी लाल आणि फुगीर, दाबल्यावर पू, त्या एकाच जागेचा वास. नुसती हिरडी सुजलेली असताना गेलात तर साफसफाईने पूर्ववत होते. हाड झिजायला लागल्यावर ते थांबवणं अवघड असतं, आणि गेलेलं हाड पूर्ण परत येईलच असं नाही.

साफसफाईला रोज रात्री तीन-चार मिनिटं पुरतात. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, मग दोन दातांमधला छोटा ब्रश, ज्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण आहे असा. माप डॉक्टरांकडूनच घ्या. फार बारीक घेतला तर साफ होत नाही, जाड घुसवला तर हिरडी सोलते. इम्प्लांटचा क्राउन खाली निमुळता होत जातो, त्यामुळे फटीत भाजीचे धागे अडकणारच. ते काढायला सेफ्टी पिन, सुई, काडी नको. मशेरी, राखुंडी, खरखरीत दंतमंजनही नको. ज्यांच्या बोटांना कंप आहे त्यांना पाण्याचा फवारा मारणारं यंत्र सोयीचं पडतं, मात्र ब्रशला पर्याय म्हणून नाही.

खाताना दाढ किंचित डुगडुगली किंवा "टिक" असा आवाज आला, तर बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो, इम्प्लांट नव्हे. तो आवळता येतो. पण तसंच चावत राहिलात तर तो तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं फार किचकट. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना घालायची पट्टी करून घ्या. घरच्यांना विचारा, स्वतःला हे कळत नाही.

पहिल्या वर्षी हाड एक-दीड मिलिमीटर खाली जाणं अपेक्षित धरतात, त्यानंतर वर्षाला फार तर ०.२ मिलिमीटर. हे मोजायचं तर तुलनेला जुना एक्स-रे हवा. म्हणून क्राउन बसल्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्या, दर सहा महिन्यांनी हिरडी दाखवा आणि वर्षातून एकदा तुलनेचा एक्स-रे काढा. अण्णांचं कार्ड आणि त्यांचे एक्स-रे आम्ही रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो, आणि पुढची तारीख आई अजूनही त्याच कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करते.